अडीच शेराचं ढेकूळ

प्राध्यापक निंबा चिंधा बोरसे यांच्याकडे सायकल होती, पण ती त्यांनी चालवायला घेतलेली नव्हती, सोबतीला घेतलेली होती. रोज सकाळी पावणेसातला ते जळगावातल्या आपल्या भाड्याच्या घरातून निघत. डाव्या हातात सायकलचं हँडल. उजवा हात रिकामा, कारण तो त्यांना विचार करायला लागे. चालता चालता तो हवेत वर जाई, थोडा वेळ तिथेच थांबे, आणि मुद्दा पटला नाही की हळूच खाली येई. सायकलवर बसलं की रस्त्याकडे बघावं लागतं, पायी चाललं की नुसते पाय पुढे टाकले तरी भागतं, असं त्यांचं म्हणणं. मग सायकल कशाला, असं यशोदाबाईंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीनं, संसाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या वर्षीच विचारून घेतलं होतं. सर म्हणाले, एकटा माणूस स्वतःशी बोलत चालला तर लोक त्याला वेडा म्हणतात. हातात सायकल असली की पंक्चर झालं असेल असं समजतात.

यशोदाबाईंनी पुढे काही विचारलं नाही. त्यांना एवढंच ठाऊक होतं की महिन्यातून दोनदा सर घरी येतात आणि सायकल येत नाही. मग कधी ती शाळेच्या फाटकाशी सापडे, कधी पोस्टासमोर, कधी केळीच्या वखारीजवळ. एकदा ती खरोखरच चोरीला गेली आणि पोलिसांनी चोर पकडला. तेव्हा सर साक्षीला उभे राहिले. कोर्टाची पायरी ते आयुष्यात चढले ते तेवढ्या एका वेळीच. वकिलानं विचारलं, सायकल चोरीला गेली हे तुम्ही खात्रीनं सांगता का? सरांचा उजवा हात वर गेला, थांबला, खाली आला. ते म्हणाले, चोरीला गेली की मीच कुठे ठेवून विसरलो, हे खात्रीनं सांगणं अवघड आहे. आरोपी सुटला. पुढे कित्येक वर्षं तो बाजारात भेटला की सरांना वाकून नमस्कार करी, आणि सर त्याला जुना विद्यार्थी समजून, हल्ली कुठे प्रॅक्टिस करतोस, म्हणून विचारत.

तर असे हे सर कायदा शिकवत. आधी सहा वर्षं धुळ्याला आणि मग आठ वर्षं जळगावात. कॉलेज एका शाळेच्या इमारतीत सकाळच्या वेळी भरे. बाकं आठवीच्या पोरांच्या मापाची, त्यामुळे भावी वकिलांचे गुडघे कायम हनुवटीला लागलेले. भुसावळहून पॅसेंजरनं येणारे रेल्वेतले कारकून, कचेरीतली माणसं, दोन-चार शाळामास्तर, आणि बाजारपेठेतल्या मारवाडी घरांतली मुलं, ज्यांच्या वडिलांना घरात एक तरी वकील हवा होता. बाकीचे विषय गावातले वकील शिकवत. ते काळा कोट घालूनच येत, गाईड उघडत, गाईड मिटत आणि कोर्टाकडे पळत. बोरसे सर मात्र पूर्णवेळ. त्यांचा विषय न्यायशास्त्र. म्हणजे कायदा काय आहे हे नव्हे, तर कायदा मुळात असतो तरी का, आणि माणूस तो पाळतो कशासाठी. या विषयावर आजवर कुणाला अशील मिळालेला नाही, असं ते वकील हसत म्हणत. सरही हसत.

हजेरी घेताना देखील त्यांचं मन भलतीकडे जाई. एखाद्यानं दुसऱ्याच्या नावाला ओ दिली की सरांना आवाज ओळखू येई, पण ते पेन उचलून विचारात पडत. हे खोटं बोलणं आहे की मैत्री? आणि शेवटच्या बाकावर झोपलेला रेल्वेचा कारकून, जो रात्रपाळी करून थेट स्टेशनवरून आलाय, तो हजर धरायचा की गैरहजर? नियमाप्रमाणे हजर. मग हजर असणं म्हणजे नुसतं अंग आणून ठेवणं की काय? एवढ्यात वर्ग त्यांच्या तोंडाकडे बघतोय असं ध्यानात येई, आणि सर सगळ्यांनाच हजर लावून पुस्तक उघडत. शेजारच्या कापसाच्या जिनिंगचा भोंगा झाला की तास संपे. तास संपवणं सरांना भोंग्याशिवाय जमत नसे.

पण वर्षातला एक तास असा होता की त्यात सर कुठेही भरकटत नसत. त्याला गावात ‘ढेकळाचं लेक्चर’ म्हणत.

ते ऑगस्टात येई. रूढी हा कायद्याचा एक उगम, हा धडा लागला की सर पुस्तक मिटत, चष्मा काढून टेबलावर ठेवत, खिडकीबाहेर बघत आणि म्हणत, “माझ्या वडिलांनी एकदा ढेकूळ उचललं होतं.”

चोपड्याकडे सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांचं गाव. सरांच्या वडिलांचं, चिंधाआबांचं शेत आणि भिला नावाच्या शेजाऱ्याचं शेत यांच्यामधून नाला जाई. चौतीसच्या पावसाळ्यात तो नाला असा आला की मधला बांधच धुऊन गेला. बांध कुठे होता यावर दोन घरांचं बोलणं बंद झालं. आता गावात अशी रीत होती की असा वाद पडला की कोर्टात जायचं नाही. आखाजीच्या दिवशी, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, नांगर-वखर सुरू व्हायच्या आधी, पंच ज्याच्यावर विश्वास टाकतील त्या एकानं त्याच शेतातलं ढेकूळ घागरीच्या पाण्यात भिजवून उघड्या डोक्यावर घ्यायचं आणि बांध जसा आठवेल तसं अनवाणी चालायचं. मागून एक जण खुंट्या ठोकत येणार. चालणाऱ्याशी कुणी बोलायचं नाही. तो चालेल तो बांध. खोटं चाललास तर तीच माती तुझ्या घरावर पडेल, असा समज. भिलानं स्वतःच सांगितलं, चिंधानं चालावं.

“पस्तीस सालच्या आखाजीला आबा चालले,” सर सांगत. “बांधाच्या मध्यावर एक निंबाचं झाड होतं. सगळा गाव समजत होता की झाड आमचं. मी जन्मलो तेव्हा त्याच झाडावरून आबांनी माझं नाव ठेवलं. आबा तिथवर आले, थांबले, आणि झाडाला बाहेरून नव्हे, आतून वळसा घालून पुढे गेले. झाड भिलाच्या वाट्याला गेलं. जिथे जिंकायचं त्याच्या हातात होतं, तिथे त्या माणसानं आपल्या पोराच्या नावाचं झाड सोडून दिलं. कायदा पुस्तकात नसतो, पोलिसाच्या दांड्यात नसतो. तो त्या ढेकळात होता. वजन अडीच शेर. पण ते डोक्यावर घेऊन माणसाला खोटं चालता येत नाही.”

इथे सर तळहात असा धरत की जणू त्यावर अजून ओली माती आहे. मुलं पेनांना टोपणं लावून भोंग्यापर्यंत ऐकत बसत. पस्तीसच्या त्या आखाजीला सर स्वतः दहा वर्षांचे होते आणि गोवर येऊन घरात पडलेले होते, त्यामुळे हे त्यांनी पाहिलेलं नव्हतं. आईकडून आणि गावाकडून ऐकलेलं. आबांना विचारलं की आबा नुसते हसत. मोठी माणसं आपल्या चांगुलपणाबद्दल बोलत नाहीत, हे सरांना तेव्हाच कळलं होतं.

एकोणसत्तरच्या ऑगस्टात मात्र वर्गात पुखराज होता. कापडवाल्या बन्सीलालजींचा धाकटा. त्याचा थोरला भाऊ सुरेशचंद तीन वर्षांपूर्वी याच बाकांवर बसून गेला होता आणि त्याची वही पुखराजच्या वाट्याला आली होती. त्या वहीत या तासाच्या पानावर एवढंच होतं: ढेकूळ. अडीच शेर. परीक्षेला नाही.

पुखराज उठला आणि गिऱ्हाइकाला नम्रपणे भाव सांगावा तसा म्हणाला, “सर, तुम्ही स्वतः उचललंय का कधी?”

सर म्हणाले, नाही.

“मग अडीच शेर कुणी तोललं?”

वर्ग हसला. कापडाच्या दुकानात वाढलेला मुलगा, वजन-माप विचारणारच. सरांचा उजवा हात वर गेला आणि तिथेच राहिला, आणि तेवढ्यात भोंगा झाला. त्या दिवशी सायकल शाळेच्या फाटकाशीच राहिली. घरी गेल्यावर सरांनी यशोदाबाईंना विचारलं, आपल्याकडे अडीच शेर म्हणजे किती असेल? यशोदाबाई म्हणाल्या, तुम्ही सांगाल तितकं.

हा प्रश्न वर्षभर त्यांच्या मागे मागे चालत राहिला, सायकलसारखा.

सत्तरच्या मे महिन्यात धाकट्या भावाचं, वनाचं कार्ड आलं. वना गावी राहून शेती बघे. कार्डात दोनच ओळी होत्या. झुंबरअक्का बांधाचं काहीतरी काढून बसली आहे. आखाजीला या.

झुंबरअक्का म्हणजे त्याच भिलाची बायको. भिला वारून बारा वर्षं झाली होती, अक्का सत्तरीला टेकली होती आणि शेत अजून स्वतः उभी राहून करवून घेत होती. एकच मुलगी, कुंदाबाई, बोदवडला दिलेली. यशोदाबाई आखाजीला माहेरी धुळ्याकडे निघाल्याच होत्या. निघताना म्हणाल्या, गावी जाताय ते ठीक, पण सायकल नेऊ नका, तिकडे शोधायला मी नाही.

एसटीनं तापी ओलांडली तेव्हा सकाळचे नऊ झाले असतील. दोन्ही अंगांना केळी, पानं उन्हानं फाटलेली, आणि दूर सातपुडा इतका फिका की आहे की नुसता वाटतोय हे सांगता येऊ नये. सर खिडकीला डोकं टेकून विचार करत होते की डोंगर लांबून निळा दिसतो आणि जवळ गेलं की नुसते दगड, तर खरा डोंगर कोणता म्हणायचा. कंडक्टरनं दोनदा तिकीट विचारलं. तिसऱ्यांदा त्यानं ते विचारलं नाही, सरांच्या खिशातून दिसणारी नोट स्वतःच काढून तिकीट आणि सुटे पैसे परत खिशात ठेवले. तो जुना विद्यार्थी असावा, असं सरांना नंतर वाटलं.

गावात आखाजीची गडबड होती. माहेरवाशिणी आलेल्या, झाडाझाडाला झोके, दारोदारी पाण्यानं भरलेल्या घागरी. झुंबरअक्का ओट्यावर बसली होती. तिच्या मागे उंबऱ्यात कुंदाबाई. अक्कानं सरांना बसायला गोधडी टाकली, पाणी दिलं, जळगावची खुशाली विचारली, आणि मग जणू भाजीत मीठ कमी आहे असं सांगावं तशी म्हणाली,

“निंबा, तो बांध खोटा शे. निंबनं झाड तुमनं शे.”

सर हसले. म्हणाले, अक्का, तो बांध आबांनी ढेकूळ घेऊन घातलाय.

“तेच सांगी राहिनू ना. तुना बाप मोहोळले भ्याना रे.”

मग तिनं सांगितलं. त्या दिवशी पंच लांब आंब्याखाली सावलीला उभे होते. खुंट्या ठोकणारा मागे खाली मान घालून. अक्का तेव्हा त्या घरची सून, आपल्या बाजूच्या विहिरीवर पाणी शेंदत होती, झाडापासून वीस पावलांवर. निंबाच्या बाहेरच्या फांदीला आग्या मोहोळ लागलेलं होतं, सुपाएवढं, आणि ते फक्त तिच्याच बाजूनं दिसत होतं. चिंधाआबा झाडाजवळ आले, त्यांनी मान वर करून पाहिलं, थबकले आणि आतून वळले. पंचांनी लांबून एवढंच पाहिलं की चिंधानं झाड सोडलं. पंचांतल्या म्हाताऱ्यानं डोळे पुसले. त्या दिवसापासून चिंधाआबा गावाचे सत्यवान झाले. तिनं घरी नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, आपण मागितलं नाही, त्यानं दिलं, तू तोंड मिटून ऱ्हाय. ती राहिली. पस्तीस वर्षं त्या झाडाच्या लिंबोळ्या तिच्या अंगणात वाळल्या.

आता ती शेत कुंदाच्या नावावर करणार होती, याच महिन्यात. त्याआधी बांध सरळ व्हायला हवा होता.

सर मनानं खूप लांब गेले, धुळ्याच्या पहिल्या वर्गापर्यंत. चौदा ऑगस्ट, चौदा वेळा मिटलेलं पुस्तक, चौदा वेळा धरलेला तळहात. त्यातले काही विद्यार्थी आता मुन्सफ होते, एक मामलेदार होता. त्यांच्यातल्या कुणी निकाल लिहिताना कधी त्या झाडाची आठवण काढली असेल, या कल्पनेवर सर तुटपुंज्या पगाराच्या कित्येक महिनाअखेरी सुखानं झोपले होते. आणि आता ही म्हातारी एक मोहोळ घेऊन आली होती.

मग प्राध्यापक बोरसे आयुष्यात पहिल्यांदा वकिलासारखे बोलायला लागले. गंमत अशी की ज्या बाजूनं ते लढत होते ती त्यांची नव्हतीच. स्वतःला मिळणारं झाड ते नाकारत होते, आणि झाड अक्काचंच कसं हे तिला पटवून देत होते. त्यांनी सांगितलं की बारा वर्षं कुणी हरकत न घेता जमीन उघडपणे वहिवाटली की तिची मालकी वहिवाटणाऱ्याची होते, इथे तर पस्तीस झाली. त्यांनी सांगितलं की दावा लावायची मुदत केव्हाच संपली. त्यांनी सांगितलं की एकट्या साक्षीदाराची इतक्या जुन्या गोष्टीची आठवण पुरावा म्हणून कच्ची असते. शहरातली स्वच्छ मराठी, एकेक मुद्दा बोटावर. वना कोपऱ्यात बसून ऐकत होता. त्याला एवढंच कळलं की भाऊ घरचं झाड घालवतोय.

“भाऊ, ती देई राहिनी तर घे ना,” तो म्हणाला. “इतला इचार काय करस?”

अक्कानं मात्र सगळं नीट ऐकून घेतलं. मग विचारलं, “बारा वरीस खोटं संभाळं म्हंजे ते खरं व्हस का?”

सरांचा हात वर गेला. थांबला. “कायद्यानं होतं, अक्का.”

“मंग तो कायदा तुनाकडेच ऱ्हाऊ दे. माले मनी लेकले खोटा बांध नही देना शे.”

सरांनी एक शेवटचं विचारलं, आणि ते विचारताना त्यांचा आवाज दहा वर्षांच्या मुलाचा झाला होता. आबांना हे तुम्ही कधी बोललात का?

बोलले होते, असं अक्का म्हणाली. आबा जायच्या आधी दोनेक वर्षं. दातणासाठी काडी तोडायला आले होते, तिचीच परवानगी मागून. तेव्हा तिनं विचारलं, आबा, त्या दिवशी तुम्ही मोहोळाला भ्यालात ना? आबा हसले. काडी चावत बराच वेळ हसले. आणि जाताना म्हणाले,

“मना निंबा तठे पोरेस्ले सांगस म्हने. सांगू दे त्याले.”

उंबऱ्यातली कुंदाबाई पदर तोंडाला लावून आत गेली. म्हणजे ढेकळाचं लेक्चर आबांपर्यंत पोचलं होतं. सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि पुन्हा काढला.

ढेकळानं घातलेला बांध ढेकळानंच बदलायचा, तोही दोन्ही घरं मिळून म्हणतील तेव्हाच, आणि ज्या घरानं आधी उचललं त्याच घरातल्या थोरल्यानं उचलायचं, अशी रीत. म्हणजे सरांनी. गावची चार माणसं पंच म्हणून आली. वनानं शेतातून ढेकूळ निवडलं. धाकटे भाऊ असं काम मनापासून करतात. त्यानं चांगलं नांगरटीचं, काळं, मोठं ढेकूळ उचललं आणि अक्काच्या घागरीतलं पाणी त्यावर ओतलं. सरांनी टोपी काढली, चपला काढल्या. अक्का पलीकडे विहिरीपाशी जाऊन उभी राहिली, जिथे ती पस्तीस सालीही उभी होती. जाताना ती एवढंच म्हणाली होती की आता मी बोलणार नाही. तुला सांगायचं ते सांगून झालं, तू कसा चालशील ते तुझ्याकडे.

आणि ढेकूळ डोक्यावर आलं.

सरांना अपेक्षा होती की आता मोठा विचार सुचेल. चौदा वर्षं ज्याच्यावर बोललो ती गोष्ट प्रत्यक्ष डोक्यावर आहे, रूढी, साक्ष, माती, माणूस. पहिल्या पावलाला त्यांनी सुरुवातही केली. दुसऱ्या पावलाला गार पाणी कानात गेलं. तिसऱ्या पावलाला चिखलाचा एक ओघळ मानेवरून बंडीत उतरला, आणि विचार होता तो त्याच्याबरोबर खाली घसरून गेला. डोक्यात काही उरलं नाही. दोन्ही हात वर, मान ताठ, नजर समोर दहा हातांवर. तापलेल्या मातीवर तळवे पडत होते, उचलत होते. मागे खुंटी ठोकल्याचा आवाज. कुठेतरी पोरींचं झोक्यावरचं गाणं येत होतं आणि वाऱ्यानं मध्येच पुसून जात होतं. आपण चालतोय की शेत खालून मागे सरकतंय, हेही त्यांना सांगता आलं नसतं. सगळं आयुष्य विचारात चाललेल्या माणसाला इतकं रिकामं कधी वाटलं नव्हतं, आणि आश्चर्य म्हणजे ते बरं वाटत होतं.

मग निंब आला.

आतून जायचं की बाहेरून. आतून गेलं तर आबा होते तिथेच राहतात, पुढच्या ऑगस्टात पुस्तक मिटता येतं, तळहात धरता येतो. अक्का बोलणार नाही. पंच पुन्हा डोळे पुसतील, बापाच्या पावलावर मुलानं पाऊल टाकलं म्हणून. ढेकळाखाली माणसाला खोटं चालता येत नाही हे त्यांचं वाक्य. आता त्यांना कळलं की येतं. अगदी सहज येतं. पाय दोन्हीकडे सारखेच पडतात.

डोळ्यांच्या कडेनं त्यांना विहीर दिसत होती. अक्का उन्हात उभी होती, पदर डोक्यावर, दोन्ही हात पोटाशी धरलेले, लग्नाच्या मांडवात मुलीची आई उभी राहते तशी. ती झाडाकडे बघत नव्हती. ती त्यांच्या पायांकडे बघत होती.

सर बाहेरून गेले.

मागे खुंटीचा आवाज क्षणभर थांबला आणि मग झाडाच्या पलीकडच्या अंगाला पडू लागला. शेताच्या टोकाशी वनानं ढेकूळ उतरवून घेतलं. रीतीप्रमाणे ते फोडून नव्या बांधावर पसरायचं असतं. तसं ते पसरलं, तोलायला काही उरलं नाही. सर मान चोळत उभे होते. अक्का हळूहळू चालत निंबापर्यंत आली, बुंध्याला हात लावला, आणि मग काढून घेतला.

“तुना झाडखाले बठू का आते?” तिनं विचारलं.

“बठ ना अक्का,” सर म्हणाले. ही भाषा त्यांच्या तोंडून गेल्या वीस वर्षांत गावाबाहेर कुणी ऐकली नव्हती, आणि गावातही फारशी नाही.

ती बसली. तेही बसले. वना मोजून आला की किती जागा आपल्याकडे आली, पण त्याला कुणी विचारलं नाही.

ऑगस्टात पुन्हा तो धडा आला. वर्ग नवा होता, फक्त पुखराज जुना. तो न्यायशास्त्रातच चार मार्कांनी नापास झाला होता, त्यामुळे ढेकळाचं लेक्चर दोनदा ऐकण्याचा मान गावात त्याला एकट्यालाच मिळणार होता. सरांनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला, खिडकीबाहेर पाहिलं. मुलांनी पेनांना टोपणं लावली. सर म्हणाले, “माझ्या वडिलांनी एकदा ढेकूळ उचललं होतं,” आणि मग त्यांनी मोहोळाची गोष्ट सांगितली. विहीर, सून, पस्तीस वर्षं, बारा वर्षांची मुदत, आणि अक्कानं विचारलेला प्रश्न. आबांचं शेवटचं वाक्यही सांगितलं. ते सांगताना ते खिडकीकडेच बघत होते.

पुखराज उठला. “म्हणजे सर, मागच्या वर्षी सांगितलं ते चूक होतं?”

“हो.”

“आणि अडीच शेर?”

“ते मी तोललं नाही,” सर म्हणाले. “मान दोन दिवस दुखत होती. लिहून घ्या.”

चौदा वर्षांत या तासाला सर पहिल्यांदाच असं म्हणाले होते. टोपणं पुन्हा निघाली. पुखराजनं भावाच्या वहीत ‘अडीच शेर’ खोडून वर ‘मान, दोन दिवस’ असं लिहिलं. ‘परीक्षेला नाही’ हे मात्र तसंच ठेवलं, नापास झालेल्या माणसाला त्याचं महत्त्व जास्त. शेवटच्या बाकावरच्या रेल्वेच्या कारकुनानं विचारलं की मान इतकी का दुखावी, तेव्हा सरांनी टेबलावरचं सगळ्यांत जाड पुस्तक उचलून डोक्यावर ठेवलं, दोन्ही हातांनी धरलं आणि वर्गात चार पावलं चालून दाखवली. मान अशी ताठ ठेवावी लागते, ना खाली बघता येत, ना वर. मुलं मोकळेपणी हसली. सर पुस्तक डोक्यावर धरून फळ्यासमोर थोडे जास्तच वेळ उभे राहिले, पण तेवढ्यात भोंगा झाला.

त्या दिवशी फाटकाबाहेर लोकांनी एक नवल पाहिलं. बोरसे सर सायकलवर बसले. थोडे डगमगले, मग नीट चालवू लागले. पानवाल्यानं हात वर केला, सरांनी घंटी वाजवली. धोतराचा सोगा वाऱ्यावर, नजर रस्त्यावर, डोकं हलकं. बाजार गेला, पोस्ट गेलं, केळीची वखार गेली.

रेल्वेच्या फाटकाशी मात्र त्यांनी ब्रेक लावला, खाली उतरले आणि हँडल डाव्या हातात घेतलं. उजवा हात हळूहळू वर गेला.

डोक्यावर ढेकूळ असताना मान वर करता येत नाही. मग आबांनी फांदीवरचं मोहोळ पाहिलं कसं?

फाटक उघडलं, गाडी केव्हाच निघून गेली होती, मागच्या टांग्यावाल्यानं दोनदा आवाज दिला. सरांचा हात अजून हवेतच होता. आबा हसताहेत असं त्यांना वाटलं, काडी चावत, बराच वेळ. मग ते सायकल हाताशी घेऊन रूळ ओलांडून सावकाश घराकडे चालू लागले.